'व्हेन'नंतर 'विल' का चालत नाही? इंग्रजीतली कालवाचक उभयान्वयी अव्ययं आणि आपण

दुपारची_झोप

कालपासून एका वाक्याने डोकं खाल्लंय. कामाच्या मेलमध्ये मी लिहिलं होतं, 'आय विल इन्फॉर्म यू व्हेन द रिपोर्ट विल बी रेडी.' टीममधल्या एका ज्येष्ठ बाईंनी मेल जायच्या आत अडवला, दुसरं 'विल बी' लाल केलं आणि वर 'इज' लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "व्हेननंतर विल येत नाही." संपलं.

अहो, पण रिपोर्ट तयार व्हायला अजून आठवडा आहे. मग 'इज' कुठून आलं? उद्याच्या गोष्टीला वर्तमानकाळ?

खुमखुमी आली म्हणून माझे जुने मेल काढून बघितले. एकात 'अनटिल यू डोन्ट कन्फर्म', दुसऱ्यात 'आय ॲम वेटिंग सिन्स टू डेज'. हे सगळं मी बिनधास्त पाठवून मोकळा झालो होतो आणि कोणी काही बोललंही नव्हतं. शाळेत 'नो सूनर'ची रूपांतरं पाठ केली होती, ती अजून झोपेत म्हणून दाखवीन. पण साधा व्हेन जमत नाही.

नियमांची यादी नको, ती कुठेही मिळते. हे असं का, ते कोणी सांगेल का? (इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिलीत, कीबोर्ड बदलायचा कंटाळा आलाय.)

खोडरबर

भाषेत 'का' विचारायचं नसतं. पाठ करा, चालू पडा.

वर्गाबाहेर

खोडरबर, जरा दम धरा. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा वर्षं मीही मुलांना हेच सांगत होतो. या 'का'ला उत्तर आहे, आणि ते मराठीतच आहे.

दुपारची_झोप, तुमचं वाक्य मराठीत बोलून बघा. लिहू नका, बोला. "रिपोर्ट तयार झाला की कळवतो." बरोबर? आता 'झाला' हा कुठला काळ? भूतकाळ! रिपोर्टचा अजून पत्ता नाही आणि तुम्ही खुशाल 'झाला' म्हणताय. तेव्हा नाही कोणी विचारत की उद्याच्या गोष्टीला भूतकाळ कसा. कारण इथलं 'झाला' कालची गोष्ट सांगतच नाही, ते काम पुरं होणं एवढंच दाखवतं. आणि 'कळवतो' तरी भविष्यकाळ कुठे आहे? दिसायला तोही वर्तमानच.

इंग्रजीचा हिशोब असा: पुढची गोष्ट आहे हे मुख्य वाक्यात एकदा 'विल'ने सांगून झालं. व्हेनच्या वाक्यात ते पुन्हा सांगायचं कारण नाही, तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो. आपण तिथे भूतकाळाचं रूप उसनं घेतो, ते वर्तमानकाळाचं घेतात. म्हणजे त्यांचं 'इज' आपल्या 'झाला'पेक्षा जास्त विचित्र नाही.

मग घोळ होतो कुठे? 'जेव्हा-तेव्हा'त. शाळेत व्हेन म्हणजे जेव्हा असं शिकलो. "जेव्हा रिपोर्ट तयार होईल, तेव्हा कळवीन." या जोडीला दोन्हीकडे भविष्यकाळ लागतो. बोलताना आपण 'झाला की', 'झाल्यावर' म्हणतो, पण इंग्रजी लिहायला बसलो की मनात ते पुस्तकी 'जेव्हा होईल' उभं राहतं, आणि भाषांतर होतं त्याचं.

आफ्टर, बिफोर, अनटिल, ॲज सून ॲज, वन्स, बाय द टाइम, सगळ्यांना हाच न्याय.

नुसताच_वाचक

'झाला की' वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. जन्मभर बोलतोय, कधी लक्षात आलं नाही. वाचतोय.

मधली_ओळ

वर्गाबाहेर यांच्या म्हणण्यात थोडी भर. शालेय मराठी व्याकरणात गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययांचे चार प्रकार सांगतात: स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. यात काळ नाहीच! कालवाचक प्रकार सापडतो तो क्रियाविशेषणांत आणि शब्दयोगी अव्ययांत.

आणि ते साहजिक आहे, कारण काळ जोडायचं बरंचसं काम मराठी क्रियापदाच्या शेपटीतच उरकते. गेल्यावर, जाताना, जाईपर्यंत, गेल्यापासून, जायच्या आधी. आता गंमत बघा. मी गेल्यावर, तू गेल्यावर, ते गेल्यावर. काल गेल्यावर, उद्या गेल्यावर. 'गेल्यावर' जागचं हलत नाही. त्याला ना पुरुष, ना काळ. त्यामुळे तिथे कुठला काळ घालायचा हा प्रश्नच आपल्याला कधी पडत नाही.

इंग्रजीत 'आफ्टर' म्हटलं की बहुतेक वेळा पुढे कर्ता हवा, पुरं क्रियापद हवं, आणि पुरं क्रियापद म्हटलं की काळ निवडणं आलं. आपल्या हाताला ती सवय नाही. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या चुका इथून येतात.

आता शंका. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय. ते चूक आहे का?

शाईचा_डाग

अजिबात नाही. आणि 'व्हेननंतर विल येत नाही' हा नियम नेमका इथेच तोंडावर पडतो. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

'टेल मी व्हेन ही कम्स.'
'टेल मी व्हेन ही विल कम.'

दोन्ही शुद्ध आहेत, पण कामं वेगळी. पहिलं म्हणजे "तो आला की सांग". तुम्ही दाराकडे डोळे लावून बसायचं. दुसरं म्हणजे "तो कधी येणार ते सांग". 'चार वाजता' म्हणालात की सुटलात, बसून राहायची गरज नाही.

मराठीत इथे शब्दच वेगळे आहेत, एकीकडे 'जेव्हा' किंवा 'की', दुसरीकडे 'कधी'. इंग्रजीत दोघांना मिळून एकच व्हेन. दुसऱ्या वाक्यातला व्हेन काळ जोडत नाही, प्रश्न विचारतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे: मराठीत 'कधी' येत असेल तर विल खुशाल घाला. 'की', 'ल्यावर', 'जेव्हा' येत असेल तर विल बाहेर.

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि यावर मी एकदा सपशेल आपटलोय. मूळ सूचना होती, 'लेट अस नो व्हेन यू विल अराइव्ह.' घाईत मी केलं, "पोचलात की कळवा." परिणाम असा की येणाऱ्यांपैकी एकानेही आधी वेळ कळवली नाही. सगळ्यांनी दारात उभं राहून फोन केले. मला आलेला फोन त्याहून मोठा होता.

नुसताच_वाचक

मग 'जेव्हा कधी'चं काय? त्यात दोन्ही आहेत :)

शाईचा_डाग

तो 'व्हेनेव्हर'. जेव्हा त्यात मोठा भाऊ, त्यामुळे विल नाही. 'कम व्हेनेव्हर यू लाइक.' पण प्रश्न झकास होता.

दुपारची_झोप

'कधी'ची कसोटी वहीत उतरवून घेतली. आता अनटिलचं सांगा. "जोपर्यंत तुम्ही कन्फर्म करत नाही तोपर्यंत मी थांबतो." यात 'नाही' ढळढळीत आहे. मग 'अनटिल यू कन्फर्म'मध्ये ते 'नाही' कोणी खाल्लं?

वर्गाबाहेर

कोणी खाल्लं नाही, ते तिथे नव्हतंच. पुन्हा बोली मराठीत या. "तुम्ही कन्फर्म करेपर्यंत थांबतो." शोधा यात 'नाही'.

म्हणजे आपल्याकडे दोन वाटा आहेत. 'करेपर्यंत' शेवटच्या टोकावर बोट ठेवतं: इथे थांबणं संपेल. 'जोपर्यंत करत नाही' टोकाबद्दल बोलतच नाही, ते मधल्या लांब पट्ट्याबद्दल बोलतं, की इतका वेळ कन्फर्म झालेलं नसेल. अनटिल हे टोकाचं अव्यय. त्याच्या पाठीवर पट्ट्याचं 'नाही' लादलं की वाक्य मोडतं.

त्या पट्ट्यासाठी इंग्रजीत वेगळं अव्यय आहे, 'ॲज लाँग ॲज'. "जोपर्यंत दिवा चालू आहे तोपर्यंत आत जाऊ नका" याला 'अनटिल द लाइट इज ऑन' म्हणालात तर अर्थ उलटा होतो: दिवा लागेपर्यंत जाऊ नका, लागला की जा! इथे 'ॲज लाँग ॲज' किंवा 'व्हाइल' हवं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो, अनटिलचा अर्थ 'जोपर्यंत' असा लिहून ठेवलेला असेल तर तो खोडा. 'ईपर्यंत' लिहा. येईपर्यंत, होईपर्यंत, करेपर्यंत.

'अनलेस यू डोन्ट' हाही याच घरातला रोगी, पण तो अटीचा, काळाचा नाही. त्याला आज सोडू.

शाईचा_डाग

अनटिलचं माझं आवडतं रूप वेगळंच. 'ही डिडन्ट कम अनटिल आय कॉल्ड हिम.' शब्दाला शब्द लावला तर "मी बोलावेपर्यंत तो आला नाही." चूक नाही, पण जीव नाही. मराठी माणूस म्हणेल, "मी बोलावलं तेव्हा कुठे तो आला." इंग्रजीतली 'नॉट' आणि 'अनटिल' ही जोडी म्हणजे आपलं 'तेव्हा कुठे'. हे उलट बाजूने लक्षात ठेवलं तर इंग्रजी लिहिताना हात अडत नाही.

खोडरबर

पाठ करा म्हणालो ते मागे घेतो. आता 'पर्यंत'ची दुसरी खोडी माझ्याकडून. "शुक्रवारपर्यंत फाइल पाठव" याचं एकाने मला 'सेंड द फाइल अनटिल फ्रायडे' केलं होतं. म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहा. पाठवणाऱ्याने तासाला एक प्रत पाठवली असती तरी तक्रार करायला जागा नव्हती. तिथे 'बाय फ्रायडे' हवं.

वाक्य जोडायचं असेल तर हाच 'बाय' वाढून 'बाय द टाइम' होतो. "तू येईपर्यंत मी थांबेन" आणि "तू येईपर्यंत मी काम उरकेन". दोन्हीकडे 'येईपर्यंत'. पण पहिल्याला अनटिल, दुसऱ्याला बाय द टाइम. कसं ओळखायचं, हे मात्र मला नीट सांगता येत नाही. कानाला कळतं.

मधली_ओळ

'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. "तू यायच्या आत काम उरकेन." बसलं, म्हणून बाय द टाइम. "तू यायच्या आत थांबेन." नाही बसलं, म्हणून अनटिल. थांबणं त्या टोकापर्यंत चालूच राहतं, उरकणं त्याच्या अलीकडे कुठेतरी होऊन जातं.

आणि बाय द टाइम आलं की मुख्य वाक्यात बहुधा काम पुरं झाल्याचं रूप लागतं. 'बाय द टाइम यू कम, आय विल हॅव फिनिश्ड.' मागची गोष्ट असेल तर 'बाय द टाइम आय रीच्ड, ही हॅड लेफ्ट.'

खोडरबर

'च्या आत' चोरतोय. आभार.

कागदी_होडी

उशिरा आले, पण सिन्स राहिलाय. 'वेटिंग सिन्स टू डेज' चुकतं ते याच 'पासून'मुळे. "सोमवारपासून" आणि "दोन दिवसांपासून", आपण दोन्हीला पासून लावतो. इंग्रजीत सिन्सला सुरुवातीचा क्षण हवा: सोमवार, सकाळ, किंवा एखादी घटना. किती वेळ ते सांगायचं तर 'फॉर टू डेज'.

घटना असेल तेव्हाच सिन्स खरा उभयान्वयी होतो. 'सिन्स आय जॉइन्ड, आय हॅव वर्क्ड ऑन थ्री प्रोजेक्ट्स.' सिन्सच्या वाक्यात साधा भूतकाळ, मुख्य वाक्यात 'हॅव'चं रूप. "वाट बघतोय" यातल्या वर्तमानकाळावर जाऊन 'आय ॲम वेटिंग' लिहू नका, 'आय हॅव बीन वेटिंग'.

सिन्स दुतोंडीही आहे बरं का. 'सिन्स शी लेफ्ट, आय हॅव बीन डुइंग हर वर्क.' ती गेल्यापासून, की ती गेल्यामुळे? वाक्यावरून कळत नाही. मी तर कारण सांगायचं असेल तर सरळ 'बिकॉज' लिहिते आणि सिन्स फक्त काळासाठी राखून ठेवते.

दुपारची_झोप

थांबा, थांबा. 'ताना' कुठे बसवायचं? वाचताना, जाताना. व्हेन की व्हाइल?

कागदी_होडी

काम थोडा वेळ चालू असेल तर व्हाइल, आणि ते चालू असताना मधेच जे टपकतं ते साध्या भूतकाळात. 'व्हाइल आय वॉज रीडिंग, द फोन रँग.' हेच उलटं सांगायचं तर 'आय वॉज रीडिंग व्हेन द फोन रँग.' फोन वाजणं क्षणाचं, म्हणून त्याला व्हेन. दोन गोष्टी बरोबरीने बदलत जात असतील, म्हणजे आपलं जसजसं-तसतसं, तर ॲज. 'ॲज इट ग्रू डार्क, द रोड एम्प्टीड.'

शाईचा_डाग

'ताना'त एक सुरुंग आहे तो दाखवतो. "मेल वाचताना फोन वाजला." मराठीत निर्दोष. मेल कोण वाचत होतं ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. आता करा, 'व्हाइल रीडिंग द मेल, द फोन रँग.' इंग्रजी वाचक मुख्य वाक्याचा कर्ता उचलतो आणि मागे चिकटवतो, म्हणजे मेल वाचत होता फोन! मेल वाचता वाचता स्वतःच वाजणारा फोन मिळाला तर मलाही हवाय.

कर्ता वेगळा असेल तर तो बोलून दाखवावाच लागतो: 'व्हाइल आय वॉज रीडिंग.' दोन्हीकडे कर्ता एकच असेल तरच आखूड रूप चालतं: 'व्हाइल रीडिंग द मेल, आय हर्ड द फोन.'

अवांतर: इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बोलीत व्हाइल हा शब्द अनटिलच्या अर्थाने वापरतात. तिकडे 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. तेव्हा टोक आणि पट्टा यांची सरमिसळ आपणच करतो असं नाही, त्यांच्या घरातही झालीय. दुसरं, टिल हा अनटिलचा आखूड अवतार नाही. टिल जुना, अनटिल नंतरचा.

मधली_ओळ

बिफोरबद्दल एक. 'आय कॉट द बॉटल बिफोर इट फेल.' 'फेल' हा भूतकाळ, पण बाटली पडलीच नाही! मराठीत "पडायच्या आत पकडली". 'पडायच्या'त पडली की नाही याबद्दल शब्दसुद्धा नाही. इंग्रजीला मात्र क्रियापद पुरं द्यायचं असतं, म्हणून न घडलेल्या गोष्टीलाही भूतकाळाचा अंगरखा चढवावा लागतो. मी वर म्हणत होते ते हेच.

नुसताच_वाचक

व्हेन आणि 'हॅड'चं काय? 'व्हेन आय रीच्ड, द मीटिंग हॅड एंडेड', यातलं 'हॅड' काढलं तर चालतं?

वर्गाबाहेर

काढलंत तर अर्थ सरकतो. 'व्हेन आय रीच्ड, द मीटिंग एंडेड' म्हणजे तुम्ही आत पाऊल टाकलं आणि बैठक संपली. जणू तुम्हाला बघूनच उठले सगळे. 'हॅड एंडेड' म्हणजे तुम्ही जाण्याआधीच आटोपली होती. आफ्टर आणि बिफोर असतील तर आधी काय, नंतर काय हे त्या शब्दांतच असतं, त्यामुळे तिथे हॅड नसला तरी बिघडत नाही. व्हेन ते सांगत नाही, म्हणून तिथे हॅडला किंमत.

खोडरबर

कोणी 'नो सूनर' काढणार नाही का? धागाकर्त्याने झोपेत म्हणायची तयारी दाखवलीय.

कागदी_होडी

मी काढते, पण थोडक्यात, कारण परीक्षेबाहेर त्याचं फारसं काम नसतं. "मी पाऊल टाकतो न टाकतो तोच फोन वाजला." 'नो सूनर हॅड आय स्टेप्ड इन दॅन द फोन रँग.' 'हार्डली हॅड आय स्टेप्ड इन व्हेन द फोन रँग.' सूनर हे तुलनेचं रूप, तुलनेला दॅन लागतोच. हार्डलीत तुलना नाही, म्हणून व्हेन. नो सूनर, हार्डली वाक्याच्या सुरुवातीला आले की 'हॅड' कर्त्याच्या आधी उडी मारतो. देन आणि दॅन जुन्या इंग्रजीत मुळात एकच शब्द होता, त्यामुळे आपली गल्लत झाली तर फार लाजायला नको, पण आज लिहायचं दॅनच.

कामाच्या मेलमध्ये 'ॲज सून ॲज' लिहा. तिथे 'नो सूनर' दिसलं की मला उत्तरपत्रिकेचा वास येतो.

वर्गाबाहेर

+१. आणि 'ॲज सून ॲज यू रीच, देन कॉल मी' यातला 'देन' काढा. तो आपला 'तेव्हा' मागच्या दाराने आत शिरलेला असतो.

दुपारची_झोप

मंडळी, आज नवा मेल लिहिला. तीन वाक्यं:

'आय विल इन्फॉर्म यू ॲज सून ॲज द रिपोर्ट इज रेडी. प्लीज डोन्ट यूज द ओल्ड व्हर्जन अनटिल यू हिअर फ्रॉम मी. लेट मी नो व्हेन यू विल बी ॲट युअर डेस्क.'

बाईंना दाखवला. पहिल्या दोन वाक्यांवर मान डोलावली, तिसऱ्याच्या 'विल'वर पुन्हा लाल रेघ. "कालच सांगितलं ना, व्हेननंतर विल येत नाही?"

मी म्हटलं, यातला व्हेन म्हणजे 'जागेवर आलात की' नाही, 'जागेवर कधी असाल' असा आहे. मला आधी वेळ कळायला हवीय. त्यांनी वाक्य एकदा विल घालून वाचलं, एकदा काढून वाचलं. मग रेघ पुसली आणि सकाळी स्वतः पाठवलेला एक मेल उघडून बसल्या.

खोडरबर

दुसरं वाक्य बघतोय. अनटिलच्या आधी स्वल्पविराम दिला नाहीस ना?

दुपारची_झोप

नाही. मुख्य वाक्य आधी आलं तर साधारणपणे लागत नाही ना?

खोडरबर

नाही लागत. अनटिलचं वाक्य आधी आलं असतं तर लागला असता. पाठव.